सिनेमातलं वेड्यांचं इस्पितळ आणि खरा वॉर्ड : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मनोविकार विभागात समाजसेवा अधीक्षक म्हणून काम करताना नातेवाइकांचे जे प्रश्न रोज कानावर पडायचे, त्यातले बरेचसे थेट पडद्यावरून आलेले असत. डॉक्टरांनी 'शॉक' हा शब्द उच्चारला की समोरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे कुठला सीन उभा राहिलाय, हे चेहऱ्यावरून ओळखता यायचं. त्याच प्रश्नांची ही उत्तरं. चित्रपटांच्या गोष्टी शेवटासकट सांगितल्या आहेत, तेव्हा बघायचे राहिले असतील तर आधी बघून या. आणि उपचारांचा सल्ला हवा असेल तर तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

सिनेमात दाखवतात तसा शॉक खरंच देतात का?

नाही. पडद्यावरचा शॉक ठरलेला असतो. चार वॉर्डबॉय माणसाला खाटेवर दाबून धरतात, पट्टे आवळतात, तो पूर्ण शुद्धीत किंचाळत असतो, कपाळाला तारा लागतात आणि खटका ओढला की अख्खं शरीर उसळतं.

खऱ्या खोलीत सकाळची वेळ असते. पेशंट रात्रीपासून उपाशी असतो, कारण भूल द्यायची असते. सिस्टर पहिला प्रश्न विचारतात तो हाच : "काही खाल्लंय का? चहा घेतला का?" एखाद्या आईनं मायेपोटी दोन बिस्किटं भरवलेली निघाली की त्या दिवसाचा शॉक रद्द. मग दागिने, कवळी काढून ठेवतात. एका हाताला किंवा पायाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधून तो फुगवून ठेवतात. भूलतज्ज्ञ शिरेतून भुलीचं औषध देतात, पाठोपाठ स्नायू सैल पाडणारं औषध देतात. पट्ट्यामुळे हे दुसरं औषध त्या एका हातात किंवा पायात उतरत नाही. बाकीचं शरीर निपचित पडलेलं असतं आणि मेंदूत झटका सुरू झालाय हे कळतं ते त्या पंज्याच्या थरथरीवरून आणि यंत्रातून निघणाऱ्या आलेखावरून. दातांमध्ये रबरी तुकडा, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. वीज काही सेकंद, झटका साधारण अर्धं ते एक मिनिट. थोड्या वेळात पेशंट जागा होतो, जरा गोंधळलेला असतो आणि चहा मागतो. हे आठवड्यातून दोन-तीनदा, एकूण बहुधा सहा ते बारा वेळा.

यात कॅमेऱ्याला खाद्य असं काहीच नाही. दिग्दर्शक ते दाखवत नाहीत त्याचं निम्मं कारण माझ्या मते एवढंच आहे.

त्रास होतो का? होतो. डोकं दुखतं, जबडा दुखतो, त्या आठवड्यांमधलं बरंच काही आठवत नाही, आणि काही जणांच्या आधीच्या काही आठवणीही कायमच्या जातात. "काही होत नाही हो" म्हणून नातेवाइकांची बोळवण करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत आणि मला ते पटलेलं नाही. पण खाणंपिणं सोडून भिंतीकडे तोंड करून पडलेला, जीव द्यायचाच असं ठरवून बसलेला माणूस यातून उठून जेवायला बसलेलाही पाहिला आहे.

मग बिनभुलीचा शॉक ही सिनेमावाल्यांची कल्पनाच म्हणायची?

तसंही नाही. १९३८ साली रोममध्ये चेर्लेत्ती आणि बिनी या डॉक्टरांनी पहिला विजेचा शॉक दिला तेव्हा भूल नव्हती. त्या काळात झटक्याच्या जोरानं मणके, हाडं मोडायची. १९५०च्या दशकात भूल आणि स्नायू सैल करणारी औषधं आली आणि उपचाराचं रूप पालटलं. आपल्याकडे मात्र भूलतज्ज्ञ नाही, सोय नाही, या सबबीवर बिनभुलीचे शॉक बऱ्याच ठिकाणी पुढेही चालू राहिले. घरातल्या एखाद्या आजोबांनी "चौघांनी मला धरलं होतं" असं सांगितलं असेल तर त्यांच्यावर विश्वास ठेवा.

२०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ९५व्या कलमानं बिनभुलीच्या शॉकवर बंदी आणली. अल्पवयीन मुलांना शॉक देता येत नाही. अपवाद करायचा तर पालकाची संमती आणि या कायद्याखाली नेमलेल्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी परवानगी, दोन्ही लागतात. तातडीचा उपचार म्हणूनही शॉक देता येत नाही.

'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' इतका नावाजलेला आहे. तो चूक कसा?

सगळाच चूक नाही, जुना आहे. मिलोश फोरमननं १९७५ साली काढलेला हा चित्रपट केन केसीच्या १९६२च्या कादंबरीवर बेतलेला आहे आणि त्याची गोष्ट १९६३मध्ये घडते. चित्रण झालं ते ओरेगन राज्यातल्या सेलमच्या खऱ्या सरकारी मनोरुग्णालयात. तिथले अधीक्षक डॉ. डीन ब्रुक्स यांनीच पडद्यावरच्या अधीक्षकाचं काम केलं. म्हणजे भिंती खऱ्या, खाटा खऱ्या, काही चेहरेही खरे. त्यामुळे शॉकचा प्रसंगही आजचाच खरा, असं बघणाऱ्याला वाटतं. तिथे शॉक शिक्षा म्हणून दिला जातो, भुलीशिवाय. अमेरिकेत १९६३पर्यंत भूल देऊन शॉक देणं रुळलं होतं, पण नाट्याच्या हिशेबात ते बसत नव्हतं.

तरी हा चित्रपट मी लोकांना बघायला सांगते, पण शॉकसाठी नाही. मधे एक प्रसंग आहे. नायक मॅकमर्फी तुरुंगातली मेहनत चुकवायला म्हणून इथे आलेला. एका बैठकीत त्याला कळतं की वॉर्डातले बहुतेक जण आपखुशीनं राहिलेत, वाटेल तेव्हा जाऊ शकतात. आणि त्याला कधी सोडायचं ते इस्पितळ ठरवणार. त्याचा चेहरा तिथे पडतो. वॉर्ड सांभाळणारी नर्स रॅचेड सहसा आवाज चढवत नाही, पण गोळ्यांची वेळ तिची, गाण्याचा आवाज तिचा, टीव्ही लावायचा की नाही हेही तीच ठरवते. इस्पितळातली भीती मला तिथे दिसते, तारांमध्ये नाही. आपल्याकडच्या कुठल्याही वॉर्डात दोन दिवस बसलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. "जेवल्याशिवाय फोन मिळणार नाही" असं मावशी म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात वाईट काही नसतं, पण किल्ली त्यांच्याकडे असते आणि पेशंटकडे नसते.

प्रियदर्शनचा मल्याळम 'थालवट्टम' (१९८६) आणि त्याचाच हिंदी 'क्योंकि' (२००५) याच वळणाचे. त्यात प्रेमकथा वाढली, किल्लीचा प्रश्न मागे पडला.

शॉक देऊन माणसाची ओळख पुसता येते का? शहाण्याला वेडं करता येतं का?

नाही. 'ज्वेल थीफ'मध्ये (१९६७) खलनायक नायकाला शॉक देऊन तू दुसराच कुणीतरी आहेस असं पटवू बघतात. गोष्ट म्हणून झकास, वैद्यक म्हणून शून्य. विसर पडतो तो तुकड्यातुकड्यांनी आणि बहुतेक करून अलीकडच्या गोष्टींचा. जुना माणूस पुसून नवा घालायची सोय मेंदूत नाही. हिंदी सिनेमानं मात्र ही कल्पना इतकी घोटली की शॉक म्हणजे सूड किंवा छळ हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय.

मेंदूचं ते ऑपरेशन अजून करतात का?

'ककूज नेस्ट'च्या शेवटी मॅकमर्फीवर होते ती लोबोटॉमी, म्हणजे मेंदूच्या पुढच्या भागातले धागे कापण्याची शस्त्रक्रिया, आता इतिहासजमा आहे. पोर्तुगालच्या एगास मोनिश यांनी १९३५ साली ती सुरू केली आणि १९४९ साली त्यांना नोबेलही मिळालं. १९५२ साली पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन या मनोविकारावरच्या औषधाचा वापर सुरू झाला. गोळ्या आल्या आणि सुरी मागे पडली. मनोविकारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया आजही अगदी क्वचित होते, वेगळ्या तंत्रानं, आणि आपल्या कायद्याप्रमाणे पेशंटची संमती व मंडळाची मंजुरी असल्याशिवाय नाही.

जाता जाता : 'फ्रान्सिस' (१९८२) या चित्रपटात अभिनेत्री फ्रान्सिस फार्मरवर हे ऑपरेशन झाल्याचं दाखवलंय. तसं झाल्याचा पुरावा नाही.

एखाद्या शहाण्या माणसाला वेडं ठरवून डांबता येतं का, 'दामिनी'सारखं?

हा प्रश्न बायका जास्त विचारतात आणि दार बंद करून विचारतात. 'दामिनी'त (१९९३) बलात्काराची साक्ष देणाऱ्या सुनेला न्यायालयाच्या आदेशानं मनोरुग्णालयात ठेवतात. तिथे तिचा जो छळ दाखवलाय तो भडक आहे. पण बाईची साक्ष नको असली की तिला वेडी ठरवायचं, हा डाव भडक नाही. नवऱ्यानं घटस्फोटाच्या अर्जाला जोडलेली 'मानसिक तपासणीची' चिठ्ठी घेऊन आलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. चिठ्ठीवर झोपेच्या गोळीचं नाव, बाकी काही नाही.

कायदा काय म्हणतो ते नीट वाचा. सज्ञान माणूस स्वतःहून भरती झाला असेल तर त्याला मागेल तेव्हा घरी जाता येतं. डॉक्टरांना फार तर चोवीस तास थांबवता येतं, तेही पुढच्या तपासणीपुरतं. त्याची तयारी नसताना भरती करायचं तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज लागतो. शिवाय दोन तज्ज्ञांनी, त्यातले एक मनोविकारतज्ज्ञ, स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. मुदत कमाल ३० दिवस, पुढे वाढवायची तर वेगळी प्रक्रिया. भरतीची खबर पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत द्यावी लागते. पेशंट स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत. मंडळाकडे दाद मागता येते. रूढ चालीरीती न पाळणं म्हणजे आजार नव्हे, हेही कायद्यात आहे. आणि मानसिक आजाराचं निदान झालं म्हणून तेवढ्यानं माणूस 'विकल मनाचा' ठरत नाही. तो अधिकार न्यायालयाचा.

कागदावर हे भक्कम आहे. प्रत्यक्षात किती पाळलं जातं ते इस्पितळागणिक बदलतं. तुमचा प्रतिनिधी कोण असावा हे तुम्ही आजच साध्या कागदावर लिहून सही करून ठेवू शकता. नवऱ्याचंच किंवा भावाचंच नाव घातलं पाहिजे असं नाही.

'तेरे नाम'मधल्या साखळ्या खऱ्या आहेत का?

दुर्दैवानं हो, पण त्या इस्पितळातल्या नव्हेत. 'तेरे नाम' (२००३) हा बालाच्या तमिळ 'सेतू'वरून (१९९९) घेतलेला. दोन्हीत नायकाला धार्मिक ठिकाणच्या आश्रमवजा जागेत बांधून ठेवतात. 'सेतू' आला त्यानंतर दोनच वर्षांनी, ६ ऑगस्ट २००१ रोजी, तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी इथे दर्ग्याजवळच्या एका खासगी मनोरुग्ण निवासाला पहाटे आग लागली. माणसं साखळदंडांनी बांधलेली होती, पळता आलं नाही. २८ जण गेले. सर्वोच्च न्यायालयानं त्याची स्वतःहून दखल घेतली. आज कुठल्याही प्रकारे साखळी घालणं कायद्यानं बंद आहे, सक्तीनं मुंडण करणंही बंद आहे, आणि स्वतःचे कपडे घालायचा पेशंटला हक्क आहे.

म्हणून 'तेरे नाम'वर टीका करताना मी जरा थांबते. केस वाढवून शहरभर फिरणाऱ्या पोरांनी त्यातून काय घेतलं ते सोडा, पण ती जागा खोटी नव्हती.

नर्सच्या प्रेमानं पेशंट बरा होतो का?

'खामोशी' बघितलेल्या प्रत्येक मावशी-काकूंचा हा प्रश्न. आशुतोष मुखर्जींच्या कथेवर असित सेन यांनी आधी बंगालीत 'दीप ज्वेले जाइ' (१९५९) काढला, त्यात सुचित्रा सेन. दहाएक वर्षांनी तोच हिंदीत, वहिदा रहमानला घेऊन. हेमंतकुमारांचं संगीत, कृष्णधवल छाया, जिन्यावरून उतरणारी पांढऱ्या साडीतली नर्स राधा. विसरता येत नाही.

उपचार म्हणून काय चाललंय बघा. प्रेमभंगानं भ्रमिष्ट झालेल्या तरुणावर प्रयोग म्हणून डॉक्टर नर्सला प्रेमाचं नाटक करायला लावतात. तो बरा होऊन दुसरीकडे संसाराला लागतो. नर्स खरोखर गुंतलेली. मग दुसरा पेशंट येतो, पुन्हा तेच. शेवटी राधाच त्या वॉर्डात पेशंट म्हणून दाखल होते.

लोक याला प्रेमाची थोरवी समजतात. मला तो कायमच एका कर्मचाऱ्याच्या छळाचा चित्रपट वाटत आला आहे. राधा नाही म्हणते, तरी साहेब ऐकत नाहीत, कारण साहेबांना प्रयोग यशस्वी करायचाय. पेशंटला फसवलं, नर्सला संपवलं, आणि शोधनिबंध साहेबांचा. असित सेन यांना हे दिसत होतं असं मी मानते, नाहीतर तो शेवट सुचला नसता. खऱ्या वॉर्डात असं कुणी करायला लावलं तर ते सरळ गैरवर्तन ठरेल. प्रेमळ सिस्टर असणं निराळं, सिस्टरचं प्रेम औषध म्हणून लिहून देणं निराळं.

याच्या उलट टोकाला 'डिअर जिंदगी' (२०१६). गोव्याच्या समुद्रकाठी चालत चालत होणारी सत्रं बघून "असा डॉक्टर कुठे मिळेल" म्हणून लोकांनी उसासे टाकले. समुद्र सोडून द्या, ओपीडीत पंखा मिळाला तरी पुष्कळ. पण त्यात एक गोष्ट चोख आहे. नायिका गुंतायला लागते तेव्हा थेरपिस्ट समजुतीनं, न दुखावता दार लावून घेतो.

इंजेक्शन टोचलं की माणूस दोन सेकंदांत आडवा होतो का?

नाही. दंडात किंवा कमरेत दिलेल्या इंजेक्शनाला असर करायला साधारण पंधरा मिनिटं ते अर्धा तास लागतो. तेवढा वेळ कुणीतरी शेजारी बसून बोलत राहावं लागतं. हे काम बहुधा वॉर्डातले मामा करतात आणि फार चांगलं करतात.

स्किझोफ्रेनिया म्हणजे एका माणसात दोन माणसं?

नाही. त्यात भास होतात, संशय बळावतो, विचारांची घडी विस्कटते, माणूस स्वतःत मिटत जातो. दोन व्यक्तिमत्त्वांची पटकथा लिहायला सोपी म्हणून हा गोंधळ टिकून आहे.

'अ ब्यूटिफुल माइंड'मधल्या प्रोफेसरनी गोळ्या सोडल्या, मग आमच्या दादानं का घ्यायच्या?

गंमत अशी की चित्रपटात (२००१) स्किझोफ्रेनिया झालेला गणितज्ञ जॉन नॅश नवी औषधं घेतोय असंच सांगितलंय. खऱ्या नॅश यांनी १९७०नंतर औषधं घेतली नव्हती. प्रेक्षकांनी गोळ्या सोडू नयेत म्हणून चित्रपटानं ही तडजोड केली, असं म्हणतात. शिवाय खऱ्या नॅशना आवाज ऐकू येत. दिसणारी माणसं पडद्याची सोय. इन्सुलिन देऊन बेशुद्ध करण्याचा उपचार त्यांच्यावर झाला होता, ते खरं. आता तो कुठेही करत नाहीत.

एका नॅशवरून दादाचं ठरवता येत नाही. गोळ्यांनी वजन वाढतं, हात थरथरतात, झोप येते, म्हणून सोडाव्याशा वाटतात. ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा, गोळी बदलता येते.

मराठीत काही आहे का?

आहे, आणि अभिमानानं सांगावं असं आहे. सुमित्रा भावे - सुनील सुकथनकर यांचा स्किझोफ्रेनियावरचा 'देवराई' (२००४). अतुल कुलकर्णीनं केलेला शेष आणि सोनाली कुलकर्णीनं केलेली त्याची बहीण. त्याच्यामागे डॉ. जगन्नाथ वाणी होते : कॅनडातल्या कॅलगरीत प्राध्यापक, घरात हा आजार जवळून बघितलेले, पुण्यातल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचे संस्थापक. त्यामुळे 'देवराई'त आजारापेक्षा घर जास्त दिसतं. भावाला घरी आणल्यावर बहिणीच्या संसारावर येणारा ताण हिंदी सिनेमाला कधी दाखवावासा वाटला नाही.

याच जोडीचा 'कासव' नैराश्यावर आहे आणि त्याला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. त्यात काम करणारे आणि त्याच्या निर्मितीत असलेले डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले. 'कासव'वर माझा एक आक्षेप आहे. कोकणातलं घर, समुद्र, समजूतदार माणसं आणि भरपूर वेळ, हे सगळं एकदम किती जणांच्या वाट्याला येतं?

सरकारी मनोरुग्णालयावर, म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीवर, मन लावून काढलेला मराठी कथापट माझ्या पाहण्यात नाही. "ठाण्याला पाठवायला हवं याला" हा विनोद मात्र मराठी प्रहसनांत हमखास टाळ्या घेतो.

पडद्यावर कधीच येत नाही असं काय आहे?

न्यायला न येणारे नातेवाईक. माणूस बरा झालेला असतो, डॉक्टरांनी कागदावर सही केलेली असते, आणि समाजसेवा विभागातून फोन जात राहतात. नंबर बदललेला असतो. पत्र परत येतं. कुणी उचललाच तर "दिवाळीनंतर बघू", "मुलीचं लग्न होऊ दे", "जागा लहान आहे हो". पेशंट रोज विचारतो, "फोन लागला का?" अशी माणसं वर्षानुवर्षं वॉर्डात राहतात, स्वयंपाकघरात मदत करतात, नव्या पेशंटला संडास कुठे ते दाखवतात. शॉक नाही, साखळी नाही, खलनायकही नाही, म्हणून बहुधा पटकथा सुचत नाही. फ्रेडरिक वाइजमनचा 'टिटिकट फॉलीज' (१९६७) हा माहितीपट अमेरिकेतल्या ब्रिजवॉटरच्या इस्पितळात नुसता कॅमेरा घेऊन उभा राहिला, आणि त्यात असं रिकामं, ओढलेलं आयुष्य दिसतं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं तो १९९१पर्यंत सर्वसामान्यांना बघू दिला नाही.

अशा चित्रपटांवर कायद्याचं काही बंधन आहे का?

थोडंफार. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या आक्षेपानंतर २०१९ साली 'मेंटल है क्या'चं नाव 'जजमेंटल है क्या' झालं. अपंग व्यक्तींचं चित्रण कसं असावं याबद्दल जुलै २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. बंदीपेक्षा मला लेखकानं एक दिवस ओपीडीत बसणं जास्त उपयोगाचं वाटतं. उपचार घेणाऱ्या पेशंटचा फोटो मात्र त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही, हे मोबाइल घेऊन आत येणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं.

घरात पेशंट आहे. असे चित्रपट त्याच्यासमोर लावावेत का?

त्यालाच विचारा. कित्येक जण हसत हसत चुका काढतात. भरतीच्या आसपासचे दिवस असतील तर टाळा.

उद्या कुणाला भरती करायची वेळ आली तर काय विचारावं?

भरती कुठल्या कलमाखाली आहे, आपखुशीची की आधाराची (म्हणजे प्रतिनिधीच्या अर्जावरची)? भेटायची वेळ काय, फोन करता येईल का? शॉक देणार असाल तर भूल कोण देणार? संमतीच्या कागदावर मराठीत काय लिहिलंय, आणि त्याची प्रत मिळेल का? कुणी "तुम्हाला काय करायचंय" म्हणालं तर दुसरीकडे विचारा. जवळ कुणी ओळखीचं नसेल तर सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे. मराठीतही बोलता येतं.